मावशींची झेंड्यांची रांग

चष्मा कपाळावर चढवून तोच शोधायच्या. टाचण्या ओठांत धरून बोलायच्या आणि समजलं नाही, तर ऐकणाऱ्यालाच बहिरं ठरवायच्या. इस्त्री तापली का ते ओल्या बोटाने पाहायच्या. रेडिओवर मंत्र्यांचं भाषण लागलं की आवाज बारीक करून म्हणायच्या, "मला रांग पुरे."

रांग झेंड्यांची. परराष्ट्र खात्याच्या तळघरात मावशी सव्वीस वर्षं झेंडे शिवत होत्या. मंत्री बोलतात तिथे मागे बारा झेंडे. आपला एक, इतर देशांचे अकरा. डावीकडे सहा, उजवीकडे सहा.

मी तिसऱ्या मजल्यावर भाषणं लिहितो. डबा मात्र तळघरात उघडायचो.

"आज काय लिहिलंस?"

"नवी जागतिक व्यवस्था. सगळ्या राष्ट्रांना समान जागा."

"जागा मी देते. बावीस इंच. मोजून."

त्यांची मुलगी नदीपलीकडच्या देशात दिलेली. बाळंतपणाला दोन आठवडे होते. मावशींनी पुढच्या सोमवारपासून रजा ठरवली होती. झेंड्यांच्या उरलेल्या कापडाची दुपटी शिवून ठेवली होती. "बाळ एकदम अकरा देशांचं," म्हणायच्या.

मंगळवारी दुपारी बारा वाजता फोन वाजला. शिष्टाचार विभागाचे साहेब इतके मोठ्याने बोलतात की मलाही ऐकू आलं.

"बाई, आज पलीकडच्यांचा झेंडा नको."

"अहो, त्यांचाच नवा शिवतेय. जुना विटलाय."

"लावायचाच नाही."

"मग एका बाजूला पाच दिसतील."

"आपले दोन लावा."

मी हसलो. "समान जागा. फक्त आपल्याला दोन."

मावशी हसल्या नाहीत. "तुझ्या भाषणात त्यांचं नाव आहे का?"

"होतं. सकाळी काढायला लावलं. आता 'व्यवस्थेबाहेर राहू पाहणारे' असं आहे. वाक्य भारदस्त झालं."

"झालं तर मग. नदीवरचा पूल बंद होणार."

"मावशी, नुसते शब्द आहेत ते."

"दहा वर्षांपूर्वी असाच एक झेंडा काढायला लावला होता. आठवड्यात त्या देशाची विमानं बंद. तेव्हाच्या लिहिणाऱ्यानेही हेच सांगितलं होतं मला."

त्या उठल्या. इस्त्रीचं बटण बंद केलं. दुपटी पिशवीत भरली. चष्मा शोधू लागल्या, मी कपाळाकडे बोट दाखवलं.

"रजेचा अर्ज तूच लिही. तुला छान लिहिता येतं."

पलीकडे जाणारी दीडची बस त्यांनी धरली.

संध्याकाळी मंत्र्यांनी भाषण झकास वाचलं. माझ्या भारदस्त वाक्याला टाळ्या पडल्या. मागे आपले दोन झेंडे, दोन्ही टोकांना. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बुधवारी सकाळी पूल बंद झाला. तीच बातमी मी तीनदा वाचली. कारण म्हणून माझं वाक्य दिलं होतं. जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट.

बाराव्या दिवशी निरोप आला. "नात झाली. दोघी बऱ्या आहेत. इस्त्री बंद केली होती ना मी?"

केली होती, असं मी कळवलं. रजा संपली आहे. पूल अजून बंद आहे. तळघरात मी एकटाच जेवतो. मावशींच्या मशीनवर पलीकडच्यांचा नवा झेंडा तसाच आहे. तीन बाजू दुमडून शिवलेल्या. चौथी जेमतेम वीतभर झालीय, आणि सुई तिथेच कापडात रुतलेली आहे.