दादाच्या दुकानातले टाक

सोनाराला किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच घेऊन येतं. छप्पन्न सालानंतरची काही वर्षं मी मारेगावात दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या दुकानात काढली. आम्ही टाक घडवायचो. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला घरचा देव, नाहीतर घरातलं गेलेलं माणूस. देव्हाऱ्यात बसवायचं आणि रोज पुजायचं. काम पुण्याचं, पण गिऱ्हाइकं अशी की आमचीच दातखीळ बसायची!

नेरहून दोघे भाऊ आले. वाटणी झालेली, खंडोबाचा टाक एकच. म्हणे, मधोमध कापून द्या! दादाच्या हातातली हातोडी थांबली. धाकट्याला नवा करून देतो म्हटलं, तर तो कळवळून म्हणाला, "नवा देव माह्या लेकराईले ओळखन काय?" शेवटी नवा टाक दिवसभर जुन्याशेजारी एकाच ताटात ठेवला, तेव्हा कुठे घेऊन गेला.

महागावचा एक म्हातारा आला. टाक कोणाचा विचारलं, तर यानं स्वतःचंच नाव सांगितलं! पोरं मेल्यावर देवात बसवतील याचा भरवसा नाही, म्हणून आधीच करून ठेवतो म्हणाला. वर बजावलं, "मिशा मोठ्या करजा." आम्ही केल्या.

पण एका किश्श्यानं आजही काळजात धस्स होतं.

जवळच्या गावचा एक कास्तकार, म्हणजे शेतकरी, सवतीचा टाक करायला आला. पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, मग मेलेली सवत छळत नाही, उलट राखण करते, अशी रीत. याचं पाचव्या दिवशी लग्न, आणि मुलीकडचे टाकाशिवाय पोरगी द्यायला तयार नव्हते. बायकोच्या आठवणीनं त्यानं डोळेही पुसले. दादा हळहळला. तिसऱ्या दिवशी टाक करून दिला.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक बाई आली आणि तोच टाक दादापुढे ठेवला. नवऱ्याच्या खिशात सापडला, कोणाचा म्हणून विचारू लागली. दादानं भोळेपणी सगळं सांगितलं. त्या माणसाचं नाव, वारलेली बायको, उद्याचं लग्न.

"थे बायको मीच आहो," ती म्हणाली.

दादानं हात जोडले, टाक आत्ताच्या आत्ता वितळवतो म्हणाला. बाईनं तो उचलून पदराच्या टोकाला गाठ मारली. डोळ्यात टिपूस नव्हतं.

"राहू द्या. लगन उद्या आहे म्हणता ना? मीच नेऊन बांधीन तिच्या गळ्यात."