घाटात गोटी चिरली तेव्हा

मिस्त्री मंडळी, आज दुपारची गोष्ट डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितो.

धारूरच्या घाटात ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरची ट्रॉली पंक्चर झाली होती. मला फोन आला, मी गेलो. ट्रॉली ऐन चढावर, चाकामागं दगड लावलेला. चाकाचा एक नट गंजून पार बसला होता.

माझा गोटी पान्याचा सेट मधल्या किमतीचा. दोन वर्षं कसलीच तक्रार नाही. नटावर गोटी बसवली, आपण सगळेच करतो तसा जोर वाढवायला पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवला, पाय त्या दगडाला टेकवला आणि सगळं अंग टाकलं.

गोटी उभी चिरली. मी आपटलो, माझ्याच पायानं दगड उडाला आणि ट्रॉली मागं सरकली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून हातभर जाऊन थांबली. मागं दरी.

ट्रॉलीवर भांडीकुंडी, सरपण आणि त्यावर लेकरं घेऊन बसलेली एक बाई. ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "मिस्त्री, आमाला आधी खाली उतरा म्हणायचं न्हाई का?"

आता लगेच 'महागाचा सेट घ्यायचा होता' असं लिहू नका. महागाची गोटी कदाचित टिकलीही असती. मधल्या किमतीचं सामान आपल्या धंद्याला चालतं का, ते बिनधास्त सांगा, मी ऐकतो.

पण दगडाला पाय मी लावला होता. त्या बाईला काय उत्तर देऊ, तेही सांगा.