डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

आई गेल्यापासून वडनेरच्या घरातला औषधांचा डबा मीच लावून ठेवते. मी नांदुऱ्याला शाळेत शिकवते. बाबा वडनेरला एकटे राहतात, वांगी-मेथी पिकवतात. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. औषध पूर्ण संपवायची आमच्या घरी रीतच नाही. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, पुढच्या आजारपणाला. चांगल्या गोळ्या टाकायच्या कशाला?

त्या हिवाळ्यात बाबांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. त्यांनी हळद भरली आणि डब्यातल्या कसल्याशा गोळ्या दोन दिवस खाल्ल्या. ठणका कमी झाला तशा सोडल्या. मला फोन आला तेव्हा पाय पोटरीपर्यंत लाल, टम्म सुजलेला, आणि अंगात हुडहुडी भरवणारा ताप. नांदुऱ्याच्याच एका दवाखान्यात भरती केलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, पू तपासायला पाठवला, इंजेक्शन सुरू केलं. मग विचारलं, "काका, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या?"

"ध्यानात नाही," बाबा म्हणाले.

माझा पारा चढला. मुळात माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो, त्यात ही भीती. "कोनी सांगतलं होतं तुमाले आपल्या मनानं गोळ्या खायाले? इतकं वय झालं, एवढं बी समजत नाही?" वर्गातल्या पोरांना झापावं तसं मी त्यांना सगळ्या वॉर्डासमोर झापलं. बाबा भिंतीकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशीही ताप तसाच. सूज उलट वर चढलेली. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "असंच राहिलं तर पाऊल काढावं लागेल. विष रक्तात पसरलं, तर जिवावर बेतेल." मला रडू आलं. अनवाणी शेतात फिरणारा माझा बाप एका पायावर कसा राहील, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

रडू आवरून, काहीतरी करायचं म्हणून मी त्यांची बंडी धुवायला घेतली. खिशात कागदात गुंडाळलेलं गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट निघालं. कागदावर निळ्या शाईत लिहिलं होतं : 'सुजेवर, पू झाल्यास. सकाळ-संध्याकाळ एक.'

अक्षर माझं होतं. मागच्या वर्षी माझी दाढ सुजली होती तेव्हाच्या गोळ्या. तीन दिवस खाऊन उरलेल्या मीच डब्यात ठेवल्या होत्या.

"काऊन सांगतलं नाही, बाबा?"

"डाक्टरीनबाईनं इचारलं तवाच चिठ्ठी तुही हाये हे ध्यानात आलं. अन् तू त तिच्यापुढं एवढी बोलून राह्यली होती. मंग मी सांगतलं असतं त तुह्यावरच आलं असतं ना, माय."

मी ते पाकीट डॉक्टरीणबाईंसमोर ठेवलं आणि चिठ्ठी कोणाची तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. त्याच दुपारी पुवाचा रिपोर्ट आला. जंतू साध्या औषधाला दाद देणारे नव्हते. आता दर आठ तासांनी सलाइनमधून नवं इंजेक्शन सुरू झालं. पांढरी भुकटी, एका बाटलीत दोन औषधं.

"दोन कायले?" बाबांनी विचारलं.

"पहिलं जंतूंना मारतं, काका. पण हे जंतू असा एक पदार्थ सोडतात की पहिलं औषध तुटून निकामी होतं. दुसरं औषध त्या पदार्थालाच अडकवून ठेवतं. मग पहिल्याला त्याचं काम करता येतं."

बाबा सलाइनच्या बाटलीकडे बघत म्हणाले, "आमी अर्ध्या पंपानं फवारा मारला त अळी मरत नाही, शहानी होते. तसंच झालं मंग?"

"याच गोळ्यांनी झालं असं सांगता येणार नाही. पण अशा अर्धवट औषधांनी असं होतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मलाही त्यांच्याकडे पाहवेना, मी जमिनीकडे पाहू लागले.

दोन दिवसांनी ताप उतरला. सुजेवर सुरकुत्या पडू लागल्या. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबा म्हणाले, "आता काय बसले? चाला घरी." मला वाटलं, बाबा निघतीलच; तिकडे मेथी काढायला आली होती. ते म्हणाले, "नाही. अर्धा पंप नको आता." आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तितके सगळे दिवस ते राहिले. पाय वाचला.

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा आणखी पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. बाबांनी पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे धरला.

"लिव यावर, कवा खायाच्या ते."

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. "मी नाही लिवत, बाबा. डाक्टरीनबाईनं लिवलं हाये ना."

"तिचं मले वाचता येत नाही," ते म्हणाले. "मले तुहंच अक्षर समजते."

मी लिहिलं. सकाळ-संध्याकाळ एक. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं : सगळ्या संपवायच्या, डब्यात एकही ठेवायची नाही.