सुक्या गवताचा वास

लेकीच्या सशासाठी सुकं गवत आणलं, की वासासरशी मला कोविडमधलं ते छोटं ॲनिमल पार्क आठवतं.

लेक रिया वॉलबीला, त्या छोट्या कांगारूला, चारत होती. नवरा ऑल्विन मात्र मास्क लावून कुंपणाबाहेरच थांबलेला, डोळे लालभडक.

"डॅडी, come na!"

"तुम्ही जा, मी फोटो काढतो."

"डोळ्यांना काय झालं?" मी विचारलं.

"गवताची ॲलर्जी गं."

याला ताप आहे आणि हा लपवतोय, माझी खात्रीच झाली. पार्किंगमध्ये मी हळूच नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. त्याला ती मायाच वाटली, आणि तो रडायलाच लागला.

"आई सिरियस आहे. देश सोडून वसईला जायची परवानगी मिळालीय, सोमवारची फ्लाइट. सीमा बंद आहेत, परत इकडे कधी येऊ देतील, माहीत नाही."

मी हात तसाच ठेवला. ताप बघत होते, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.