सासऱ्यांच्या बोटीला खोबरेल

सासऱ्यांच्या बोटीला मी खोबरेल तेल लावलं, हे खरं आहे. (अख्खी बाटली ओतली, ही मात्र बायकोने उठवलेली आवई. तळाशी थोडं उरलं होतं.)

फायबरची ती निळी बोट सासऱ्यांनी तरुणपणी स्वतः बनवलेली. हल्ली ती धायरीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उन्हात पडून होती. निळा रंग पांढुरका झाला होता, हात फिरवला की खडूसारखी भुकटी निघायची. रविवारी संध्याकाळी त्यांचे नौकानयनातले जुने मित्र ती बघायला येणार होते.

"जावईबापू, चकचकीत कराल, की माणूस बोलावू?"

लग्नाला वीस वर्षं झाली, पण त्यांनी माझ्यावर काही सोपवण्याची ही पहिलीच वेळ. "माणूस कशाला? मी आहे ना," मी म्हणालो.

आता आमच्या घरात शिवणयंत्रापासून देव्हाऱ्यातल्या दगडी नंदीपर्यंत, जे फिकं दिसेल त्यावर तेलाचा हात फिरतो. शनिवारी मी बोटीवर फिरवला. अशी उजळली म्हणता, मी तिच्यासोबत फोटो काढला! तेवढ्यात वारा सुटला आणि शेजारच्या बांधकामाची धूळ येऊन तिला चिकटली. फडक्याने पुसली, तर राडा झाला. पाणी मारलं, तर ओघळ आले. मग मुंग्या आल्या. सासरे खुर्ची टाकून सगळं बघत होते.

"छान. फोडणी कधी घालताय?"

रविवारी सकाळी मान खाली घालून तळमजल्यावरच्या सलीमभाईंकडे गेलो. वारज्यात त्यांचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे.

"साहेब, बोटीची चंपी केलीत?" एवढंच विचारून त्यांनी बाह्या सरसावल्या. आधी साबणाने तेल काढलं, मग ओल्या पॉलिश पेपरने वरचा मेलेला थर उतरवला, रबिंगची पेस्ट घासून चमक आणली आणि शेवटी ऊन लागू नये म्हणून मेण चढवलं. सुट्टीचा अख्खा दिवस त्या भल्या माणसाने माझ्या मूर्खपणापायी घालवला. मी आजही त्यांचा ऋणी आहे. खालून मूळचा निळा वर आला, तेव्हा सासऱ्यांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

संध्याकाळी मित्रांनी विचारलं, "कोणी केलं हो हे?"

"जावईसाहेबांनी," सलीमभाई शांतपणे म्हणाले.

"मग पुढच्या रविवारी आमचीही करून द्या."

मी घाबरून सलीमभाईंकडे पाहिलं. "देऊ की. दोघं मिळून," ते म्हणाले.

तेव्हापासून आम्ही तीन बोटी केल्या. सासरे प्रत्येक ठिकाणी हजर असतात आणि कौतुकाने माझी ओळख करून देतात, "हे आमचे जावई. बादली फार छान धरतात."