जिथं कट्यार, तिथं काकू

ये, आजीजवळ बस. तू पुण्यात अन् मी पांढुर्ण्यात, हे मला माहीत आहे. तरी बस, आणि कानातलं ते काढ आधी. काल आईला फोनवर काय म्हणालास? "हळद लागली की कट्यार टॉवेलात गुंडाळून डिक्कीत टाकून देऊ, रस्त्यात पोलिसांनी पाहिली तर भानगड नको." डिक्कीत! अरे, लग्नाची कट्यार काय स्टेपनी आहे? हा गुण कोणाकडून आला ते मला बरोबर माहीत आहे, पण ते पुढे सांगते. आधी कट्यारकाकू ऐक. ती कळल्याशिवाय मी तुझ्या हाती कट्यार द्यायची नाही.

आमच्या गल्लीत शस्त्र असलेलं घर एकच होतं, आणि त्या घरातल्या बाईला झुरळसुद्धा मारता येत नव्हतं. केरसुणीवर घेऊन अंगणात सोडून यायची, वर त्याला म्हणायची, "जाय बाप्पा, पुन्हा येऊ नको." भोपळा चिरायचा झाला की माझ्याकडे घेऊन यायची. एवढी भित्री बाई, पण देवघरात लाल फडक्यात गुंडाळलेली कट्यार. वीतभर पातं, पितळी मूठ, म्यानाची मखमल झिजून झिजून गुळगुळीत झालेली. काकूचं खरं नाव गल्लीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. सगळ्यांची ती कट्यारकाकूच.

तुम्हा पोरांना आता सांगावं लागतं, म्हणून सांगते. आपल्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती लोखंड पाहिजे. हातात कट्यार, टोकावर लिंबू. लग्न लागून सून घरात येईस्तोवर ती सोडायची नाही. जेवताना डाव्या हातात, झोपताना उशीखाली. हळदीच्या माणसाला नजर लवकर लागते म्हणतात. पण घरोघरी कट्यार कुठून असणार? मग गल्लीतला प्रत्येक नवरदेव काकूचीच कट्यार घेऊन बोहल्यावर चढायचा. तुझ्या मोठ्या मामाच्या हातात तीच होती, समोरच्या किराणावाल्याच्या तिन्ही पोरांच्या हातात तीच होती.

द्यायची तिची एक रीत होती. नवरदेवाच्या आईनं स्वतः यायचं. काकू उंबऱ्याच्या आत उभी राहून फडकं सोडायची, कट्यार डोक्याला लावायची, आणि आपल्या अंगणातल्या झाडाची दोन लिंबं सोबत द्यायची. "एक टोकावर, एक पदरात," असं बजावायची. "पह्यलं पडलं, नासलं, कोण्या पोट्ट्यानं पळवलं, तं दुसरं पाह्यजे न बाई." लोक हसायचे. पण दुसरं लिंबू घेतल्याशिवाय ती कट्यारीवरचा हात काढत नसे.

भाडं म्हणून कोणी नारळ आणला, साडी आणली, तर परत करायची. "मले हकीकत पाह्यजे," म्हणायची. कट्यार परत द्यायला गेलं की ओसरीवर बसवून घ्यायची, चहा करायची, आणि मग एकेक विचारून घ्यायची. वांग्याच्या भाजीला तेल किती होतं? नवरी रडली का? विहीण कशी आहे, बोलकी का आतल्या गाठीची? आणि शेवटी ठरलेला प्रश्न: "जवाई कशावरून रुसला?" रुसला का, असं नाही विचारायची. रुसणार हे तिनं धरूनच ठेवलेलं. एकदा धारवाला चाकाची सायकल घेऊन गल्लीत आला, म्हणाला, मावशी, पार बोथट झाली, धार लावून देतो. काकूनं कट्यार पाठीमागे लपवली. "धार कशाले बाप्पा? नवरदेव बायको आणाले चालला, कोणाले कापाले नाही."

तू विचारशील, हकीकत कशाला, स्वतः का नाही जायची लग्नाला? ती कट्यार तिच्या नवऱ्याची होती. तो गेला तेव्हा काकूच्या हातावरची मेंदी जेमतेम उतरली असेल. पोरबाळ नाही. त्यानंतर ती कोणाच्या मांडवात गेली नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं. तिनंच स्वतःला नको म्हटलं होतं. मी चिडायची. ती म्हणायची, "मी आली तं कोणाच्या मनात उगीच काटा नको. माही कट्यार चालली न? म्हणजे मीच चालली समज."

रवीमामाच्या लग्नाला मात्र मी हट्टाला पेटले. "काकू, तू येत नसशील तर तुझी कट्यारही नको. रवी अडकित्ता धरून बसेल."

"अवं, अडकित्ता? लोकं हसतीन व!"

"हसू दे. नाहीतर चल."

शेवटी म्हणाली, "येते. पण गाडीत बसून राहीन. मांडवात नाही येनार. हाय का कबूल?" मी कबूल केलं. गाडीत तर बसू दे, पुढचं पुढे पाहू.

तेव्हा आपलं पांढुर्णा अजून जिल्हा झालं नव्हतं. मामीचं माहेर रामाकोना, म्हणजे सौसरवरून पुढे जायचं. दिवस निवडणुकीचे. पोलीस जागोजागी गाड्या अडवून दारू, पैसा, हत्यार शोधायचे. सकाळीच निघालो तरी ऊन असं की गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. पुढे ड्रायव्हरशेजारी तुझे बाबा, कारण मोठ्या जावयांना पुढचीच सीट लागते. मधे बाशिंग बांधलेला रवी आणि मी. सगळ्यात मागे, फराळाच्या डब्यांमध्ये अंग चोरून काकू, मांडीवर तिची पिशवी, पिशवीत म्यान. मागून वरातीची बस.

सौसरच्या अलीकडे रस्त्यावर लोखंडी अडथळे दिसले, खाकी दिसली. आणि मी तोंड उघडेस्तोवर तुझ्या बाबांनी मागे वळून रवीच्या हातातली कट्यार हिसकली, लिंबू उपटून खिडकीबाहेर फेकलं, आणि कट्यार आपल्या पायाखालच्या मॅटखाली सरकवली. "चूप बसा सगळे," म्हणाले. त्यांना दोष देऊ नकोस. सरकारी नोकरी, निवडणुकीचे दिवस, घाबरला माणूस. पण त्यांनी आधी मॅट दाबली आणि मग खिडकीकडे पाहून हसले. तसं हसू पोलिसाला लांबूनही दिसतं.

शिपायानं दार उघडलं, बुटाच्या टोकानं मॅट उचलली. मग काय, पुढचे-मधले सगळे खाली. साहेब तरुण होता, बुंदेलखंडाकडचा, हे मागून कळलं. कट्यार हातात घेऊन शांतपणे विचारलं, "किसकी है?"

 बसमधल्या बायका खिडक्यांतून बाहेर लटकल्या, बँडवाले वाजवायचे थांबले. साहेब म्हणाला, जिसकी है वो थाने चलेगा, बाकी जाओ. तुझ्या बाबांचा चेहरा पांढरा पडला. "मालूम नहीं साहब," ते म्हणाले, "गाडी किराये की है." ड्रायव्हर बिचारा रडकुंडीला आला. "माही नाही जी! मायची आन, माही नाही!"

तेवढ्यात मागून काचेवर टकटक. मागचं दार आतून उघडत नव्हतं. शिपायानं उघडलं तर डब्यांमधून आधी पिशवी आली, मग काकू. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालत साहेबासमोर जाऊन उभी राहिली. झुरळाला घाबरणारी बाई!

"बेटा, वो मेरी है."

"आपकी? अम्मा, आप चाकू लेकर चलती हैं?"

"चाकू नहीं, कट्यार. मेरे आदमी की है. हमारी शादी में उसके हाथ में थी. आज इस लडके के हाथ में थी." आणि पिशवीतून म्यान काढून दाखवलं.

साहेबानं म्यान पाहिलं. मग म्हणाला, "हाथ में थी, तो नीचे कैसे गयी?"

आता काय सांगते ही? एक शब्द, आणि तुझ्या बाबांची नोकरी तिथंच रस्त्यावर. अन् भर वरातीत जावयाची अशी शोभा झाल्यावर ते लग्न कसं लागलं असतं, सांग.  काकूनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"मैंने रखी," ती म्हणाली. "पुलिस देखी, डर गयी. मैं कभी घर से निकलती नहीं न बेटा. मेरे को क्या मालूम."

साहेबानं काकू बसली होती त्या मागच्या जागेकडे पाहिलं. मग पुढच्या मॅटकडे पाहिलं. मधे सगळी गाडी. तिथून तिथवर काकूचा हात कसा पोचणार? साहेबाला सगळं कळलं. त्यानं कट्यारीच्या टोकावरून अंगठा फिरवला. इतक्या लग्नांच्या लिंबांनी ते टोक काळं पडून पार झिजलं होतं. अंगठा नाकाशी नेला, वास घेतला.

"अम्मा, हमारे यहाँ भी दूल्हा कटार रखता है," तो म्हणाला. "मगर हाथ में रखता है, सबके सामने. छुपी हुई चीज का मैं क्या मतलब निकालूँ?" बोलत काकूशी होता, पण पाहत होता तुझ्या बाबांकडे.

काकूनं पदराची गाठ सोडली. या खेपेला तिनं स्वतःच बांधून आणलेलं दुसरं लिंबू काढलं. आणि साहेबाच्या हातातच असलेल्या कट्यारीच्या टोकावर दाबून बसवलं. बोथट टोक ते. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. रस साहेबाच्या मनगटावर उतरला.

"अब देखो बेटा. अब क्या दिखता है?"

साहेब हसला. पण लगेच हसू आवरून, शिपायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "छोड रहा हूँ, पर आपकी जिम्मेदारी पर. जहाँ कटार, वहाँ आप. एक मिनट दूर नहीं होना. और लौटते में यहीं दिखाकर जाना."

रामाकोन्याला पोचलो. वाजंत्री आली, ओवाळायला दिवे आले, सगळे उतरले. काकू डब्यांमध्ये बसलेलीच. मी म्हटलं, "उतर. पोलिसाचा हुकूम आहे."

"अवं, तो का इथं पाहाले येनार हाय?"

"आला तर?"

 तशी ती हळूच उतरली. मांडवात नवरीकडच्या बायकांनी विचारलं, या कोण? तर म्हणते, "मी नाही व आली बाई, मले पोलिसानं पाठवलं!" सगळा मांडव हसला. रवीच्या मागे पाटावर बसली ती शेवटपर्यंत. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, तिची मूठ मिटलेलीच. शेवटच्या अष्टकाला मी कोपरानं ढोसलं, तेव्हा उघडली. तांदूळ घामानं तळहाताला चिकटले होते. ते तिनं झटकले नाहीत, एकेक दाणा सोडवून रवीच्या अंगावर टाकला.

परतताना नाक्यावर दुसराच शिपाई होता, त्यानं हातानंच जा म्हणून खुणावलं. काकूनं गाडी थांबवायला लावली. खिडकीतून कट्यार बाहेर काढून, "दाखवून जा म्हणाला होता," असं सांगून त्याला लिंबासकट दाखवली. तो दोन पावलं मागे सरला. आणि हो, त्या लग्नात जावई अजिबात रुसले नाहीत. वाढायला उभे राहिले, काकूच्या पानात स्वतः जिलेबी वाढली. त्या गोष्टीबद्दल दोघं कधीच बोलले नाहीत. पण तेव्हापासून दिवाळीला पांढुर्ण्याला आले की तुझे बाबा आधी काकूच्या घरी जायचे, मग सासुरवाडीला. तुझ्या आईला वाटायचं, काकूच्या हातचा चिवडा आवडतो.

त्यानंतर काकूनं एक लग्न सोडलं नाही. कोणी भुवई उचलली की म्हणायची, "का करू बाप्पा, हुकूम हाय." आता हकीकत ती सांगायची आणि आम्ही ऐकायचो.

तुझे आबाजी गेले त्या वर्षी गल्लीत लग्न निघालं. मी दार लोटून आत बसले होते. काकू आली, काठी टेकत. लाल फडकं माझ्या मांडीवर ठेवलं. "आता तू ठेव. माह्यानं नाही होत."

"काकू, मी आता कुठं जाते लग्नाला?"

"म्हणूनच तं देऊन राहिली. जिथं कट्यार, तिथं तू. मी नाही म्हणून राहिली बाई, पोलिस म्हणून राहिला."

मागच्या थंडीत ती गेली. तुझे बाबा नागपूरहून धावत आले आणि घरापासून घाटापर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही. लोकांना नवल वाटलं, हे कोण एवढे जवळचे? आता तुला कळलं. पण त्यांना विचारू नकोस. विचारलंस तर या वेळी नक्की रुसतील.

तर डिक्की विसर. बोरगावच्या पोरीला आणायला निघशील तेव्हा कट्यार तुझ्या हातात राहील, काच खाली राहील, आणि पुढच्या सीटवर तुझे बाबा बसतील. कोणी अडवलं तर या खेपेला ते स्वतःच "हमारी है" म्हणतील बघ. काकूच्या झाडाला लिंबं लागली आहेत, दोन मी हेरून ठेवली आहेत. फक्त फार उशीर करू नकोस, पिकून गळतील. ये लवकर. कट्यार न्यायला ये, आणि हुकूम तर तुला माहीतच आहे, मलाही न्यायला ये.