तिने एक दिवाळी मागितली होती

जुन्या पनवेलमध्ये कुणाच्याही घरी गेलो की आधी पाण्याचं भांडं समोर येतं. पाणी पिता पिता माझं बोट आपोआप त्याच्या काठाखालून फिरतं. तिथे टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव लागतं. कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या मुंजीतलं, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ दिलेलं. अक्षर माझं असतं. आमच्या भांड्यांच्या दुकानात बसून मी जन्मभर या गावाच्या भांड्यांवर नावं घातली.

पाणी संपायच्या आत घरातलं कुणीतरी म्हणतंच, "काका, तुमचं दुकान गेलं आणि बाजारातली मजा गेली बघा." मग आवाज जरा खाली येतो. "तुम्ही तरी काय करणार म्हणा. घरात सूनच तशी आली."

मी भांडं खाली ठेवतो आणि गप्प बसतो. दुकान बंद झालं तेव्हापासून, एक वेळ सोडली तर, असाच गप्प बसत आलो आहे.

आता गावातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाने जुन्या बाजारपेठेच्या आठवणी मागवल्या आहेत. माझ्याकडून त्यांना पितळेचे हंडे, धनत्रयोदशीची गर्दी असं काहीतरी हवं असणार. तेही लिहितो. पण त्याबरोबर दुकान कुणी बंद केलं हेही लिहितो, कारण ते आजवर खोटं सांगितलं गेलं आहे, आणि सांगणारा मीच होतो.

दुकान बाजारपेठेच्या मुख्य रस्त्यावर होतं. अरुंद आणि खोल, दोन्ही भिंतींना आढ्यापर्यंत भांडी. पुढे काउंटर आणि त्याच्या एका टोकाला उचलायची फळी. आत जायचं तर ती फळी उचलून जायचं. पण सकाळी एकदा मी आत गेलो की जागा नसल्यामुळे त्या फळीवरच पातेल्यांची उतरंड रचली जायची. म्हणजे बाहेर यायचं तर आधी उतरंड काढा, फळी उचला, बाहेर या, फळी टाका आणि पुन्हा सगळं रचा. त्यापेक्षा मी बाहेर पडतच नसे. चहा आत यायचा, जेवणाचा डबाही आतच यायचा. रस्त्यावरून वरात गेली तर मला घोड्यावरच्या नवऱ्याचा फेटा तेवढा दिसायचा.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी कॉलेजात होतो. "चार दिवस बस दुकानात," आई म्हणाली. वडील पुन्हा कधी उठले नाहीत, आणि माझे चार दिवस कधी संपले नाहीत.

लोकांचा दुकानावर जीव होता हे खरं. उरणची एक कोळीण पहिल्या मुलीच्या लग्नाची भांडी आमच्याकडून घेऊन गेली, मग दुसरीच्या, मग नातीच्या. पायरीवर ऐसपैस बसायची, पान जमवायची आणि म्हणायची, "शेट, दुसरीकडं स्वस्त हाय, पन तिथं बसाया कोन देतंय? तुमी हाय म्हनून आमी येतो." नवीन पनवेलची नोकरदार मंडळीही तेच म्हणायची, जरा शुद्ध भाषेत: "काका आहेत ना, मग काही बघायला नको." ऐकणाऱ्याला यात कौतुक दिसेल. मला ते वाक्य ऐकलं की फळीवर आणखी एक पातेलं चढल्यासारखं वाटायचं. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी अक्षता टाकून लगेच दुकानात परतलो, कारण लग्नसराई होती आणि नावं घालून घ्यायला माणसं ताटकळली होती. बायको महाबळेश्वर महाबळेश्वर म्हणतच वारली, नेणं झालं नाही.

सून पुण्याची. बेलापूरच्या एका ऑफिसात नोकरी करत होती. नात झाल्यावर नोकरी सोडली. दुपारी जेवून मी आतच मागे तासभर आडवा व्हायचो तेव्हा दुकान बंद असायचं. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, तेवढा वेळ मी बसते."

मुलगा तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. त्याने दुकानात कधी रस घेतला नाही आणि मीही कधी आग्रह केला नाही. त्यामुळे मला वाटलं, हिचा उत्साहही आठवडाभराचाच असेल. पण ती येत राहिली. नाव घालायचं मशीन हातात धरायला शिकली. ते थरथरतं, स्टीलवरून घसरतं. पहिल्याच ताटावर तिच्या 'र'चा पाय कुठच्या कुठे गेला. ज्यांचं ताट होतं ते गृहस्थ चांगले. "असू दे, सुनेचा पहिला हात आहे," म्हणून तेच घेऊन गेले. वर्षभरात तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुबक झालं. वर मलाच म्हणायची, "बाबा, तुमचा 'ळ' बघितला की जिलेबी खावीशी वाटते."

माळ्यावर वडिलांच्या वेळचे पितळेचे हंडे, घंगाळं, समया धूळ खात पडल्या होत्या. तिने एकदा शिडी लावून वर डोकावलं. खाली आली ती डोळे चमकवतच. "बाबा, सुकापूरला नवीन बिल्डिंगी झाल्यात ना, तिथले लोक हे असलं शोधत मुंबईला जातात. हॉलमध्ये ठेवायला. आणि आपण वर टाकून दिलंय!"

त्या सुमारास मी सगळ्यांना सांगत असे की मॉल आले, आता या धंद्यात राम उरला नाही. ते पूर्ण खरं नव्हतं. गिऱ्हाईक कमी झालं होतं, पण दुकान चालत होतं. दमलो होतो तो मी. मोबाइलचं दुकान काढायला एक माणूस रस्त्यावर जागा शोधत होता. आषाढात तो माझ्याकडे आला आणि मी त्याला शब्द दिला. दिवाळी झाली की जागा तुझी. मुलाला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही.

श्रावणात सुनेने विषय काढला. काउंटरवर फडकं फिरवत ती म्हणाली, "बाबा, मला एक दिवाळी द्या. एकच. या धनत्रयोदशीला दुकान माझ्या पद्धतीने लावते. नाही जमलं तर पुन्हा बोलणार नाही."

सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "बघू."

आमच्या घरात मोठ्या माणसाने बघू म्हटलं की तो होकार असतो. तिने तसाच घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती माळ्यावर चढली. हंडे खाली काढले, चिंच लावून घासले. तिच्या बोटांच्या चिरा काळ्या पडल्या, त्या जेवतानाही तशाच दिसायच्या. फळीवरची उतरंड तिने हलवली, पातेली मागच्या भिंतीला लावली. "आता तुम्ही केव्हाही उठून बाहेर जा," म्हणाली. मी आत बसून तिच्याकडे बघत होतो. तिला केव्हाही सांगता आलं असतं. तिला राग येईल, ती भांडेल, याची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. ती शांतपणे बोलेल आणि तिचं म्हणणं मला पटेल. दुकान राहील. लोक येतील, तिला म्हणतील, काका कुठे आहेत, त्यांनाच बोलवा. आणि मी मरेपर्यंत तिथेच बसेन.

धनत्रयोदशीच्या थोडे दिवस आधी तो मोबाइलवाला मोजायची टेप घेऊन आला. सून समया पुसत होती. तो तिच्या देखतच मला म्हणाला, "काका, फळ्या-बिळ्या काढून ठेवा हं. दिवाळीनंतर लगेच सुतार लावतो."

तो गेल्यावर तिने विचारलं, "कोण होते?"

"जागा दिली त्यांना."

"कधी?"

"कालच ठरलं," मी म्हणालो.

 तिने हातातली समई पुसून झाली नव्हती ती पुरी पुसली आणि ओळीत ठेवली.

तरीही तिने दुकान लावलं. धनत्रयोदशीला रस्त्यापर्यंत माणसं होती. सगळं पितळ संध्याकाळीच संपलं. लोकांना वाटलं, दुकान बंद होतंय म्हणून गर्दी. मला माहीत होतं, ते तिचं काम होतं.

त्याच गर्दीत एक निवृत्त शिक्षिका आल्या. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं, सगळे त्यांना बाई म्हणतात. "का हो बंद करताय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "घरातल्यांना नकोय आता." मुलाला दुकान नको होतं, त्यामुळे वाक्य अगदीच खोटं नव्हतं. बाईंनी मागे वळून सुनेकडे बघितलं आणि मान हलवली. "समजलं," म्हणाल्या. काय समजलं ते मलाही समजलं. मी दुरुस्ती केली नाही.

दिवाळीनंतर उरणची कोळीण आली. तोवर गावभर झालं होतं. सून उरलेली भांडी सुतळीने बांधत होती. कोळणीने पायरीवर न बसता उभ्यानेच तिला विचारलं, "काय गो, लय शिकलीस म्हनून भांड्यांची लाज वाटते? सासऱ्याला उठवलास ना शेवटी? आमी कुठं जावाचं आता?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून थांबली. माझ्यासमोर नाव घालायला आलेला एक तांब्या होता. मी मशीन चालू केलं. त्याची घरघर सुरू झाली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

शेवटच्या दिवशी फळी उचलून बाहेर आलो. रस्त्यावर उभा राहिलो आणि कुठे जायचं ते सुचेना. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं होतं, आणि मला रडू येत होतं. तळ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. तिथे ओळखीची माणसं जमली, पाठीवर हात ठेवून हळहळली. ती हळहळ गोड लागली. त्या भरात मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो, "आजकालच्या मुलींना दुकानात बसणं कमीपणाचं वाटतं." बाईंचा गैरसमज मी नुसता राहू दिला होता. हे मात्र मी बोललो.

दुकानाची आठवण मला येते. अजूनही दुपारी कधी उजवा हात मशीन शोधत पुढे जातो. त्या रस्त्याने जायची वेळ आली तर पलीकडच्या बाजूने जातो. पण आठवण काढायलाही मी मोकळा नाही. दुकानाचा विषय निघाला की मागोमाग सून येते. ती भाजीला गेली, हळदीकुंकवाला गेली, शाळेत पालकसभेला गेली, कुणी ना कुणी टोमणा मारतंच. घरी येऊन ती तो सांगत नाही. मला गावातूनच कळतो.

मग व्हॉट्सॲप आलं. दर दिवाळीत कुणीतरी आमच्या दुकानाचा जुना फोटो टाकतं. मी आत बसलोय, मागे भांडी. खाली लोक हात जोडलेले आणि रडके चेहरे पाठवतात. एका वर्षी नातीने फोन माझ्यापुढे धरला. एकाने लिहिलं होतं, सुनेने बंद पाडलं. "आजोबा," तिने विचारलं, "सुनेने म्हणजे आईने?"

मी तिला नाही म्हणालो. मग का लिहिलंय, तिने विचारलं.  उत्तर होतं, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला द्यायचं धैर्य नव्हतं.

त्या आठवड्यात सुनेबरोबर बाजारात गेलो. भाजीवाल्याजवळ बाई भेटल्या. सुनेला म्हणाल्या, "काय गं, भांडी आता ऑनलाइन का?"

मी पिशवी खाली ठेवली. "बाई, दुकान मी बंद केलं. हिला चालवायचं होतं. हिने एक दिवाळी मागितली होती, मी ती होण्याआधीच जागा दुसऱ्याला दिली."

भाजीवालासुद्धा वजन करता करता थांबला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरून आले. मग सुनेचा दंड धरून त्या म्हणाल्या, "बघ. बघ कसं पांघरूण घालतात तुझ्यावर. असा सासरा मिळायला भाग्य लागतं हो!"

"अहो बाई, खरंच..."

"राहू द्या काका. तुमचा स्वभाव का आम्हाला माहीत नाही?"

परतताना पिशवी सुनेने उचलली. घराच्या वळणावर म्हणाली, "बाबा, परत नका सांगू कुणाला. तुम्ही असं सांगितलंत की मी आणखी वाईट ठरते, आणि तुम्ही आणखी मोठे."

तिचं बरोबर होतं. म्हणून हे लिहायला बसलो. तोंडी बोललेलं लोक हवं तसं ऐकतात. लिहिलेलं निदान तसंच राहील.

लिहून झाल्यावर काल दुपारी तिला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. जिलेबीच्या जागी हसली. कोळणीच्या जागी खाली बघत राहिली. शेवटी म्हणाली, "बाई म्हणतील, हिनेच लिहून घेतलं."

"नाही म्हणणार," मी म्हणालो. "तुला माहीत नव्हतं तेही यात आहे."

"काय?"

"आषाढ."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मला वाटलं होतं, ऐकताना तिच्या लक्षात आलं असेल. आलं नव्हतं. मी पानं मागे उलटून तो भाग पुन्हा वाचला. शब्द आषाढात दिला. तिने दिवाळी मागितली श्रावणात. कालच ठरलं, हे मी तिला सांगितलं ते खोटं.

"म्हणजे मी माळ्यावर चढले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"हंडे घासत होते तेव्हा?"

"हो."

ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. इतकी वर्षं गावाचं बोलणं ऐकून घेताना तिने माझ्याविषयी काहीतरी चांगलं धरून ठेवलं असणार. म्हातारा ऐन वेळी घाबरला, घाईत निर्णय घेतला, असं काहीतरी. ते माझ्यासमोर गेलं. मला ते दिसलं.

ती उठली. निवडलेली मेथी एका हाताने गोळा केली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मागे वळली नाही.

"पाठवा," म्हणाली. "यातला एक शब्दही बदलू नका."

रोज चार वाजता ती माझा चहा बाहेर आणून देते. काल चार वाजून गेले, चहा आला नाही. मी आत गेलो नाही. आधीचा एक शब्दही बदलला नाही, एवढं फक्त आज खाली जोडलं. आता कागद घडी करून पाकिटात घालतो आणि टपालात टाकायला बाहेर पडतो.